परसातली रुई आणि पट्टेरी पाहुणी

गंगाखेडहून लोह्याकडे निघाले की वाटेत पालम लागते. दोन्ही अंगांना काळी जमीन. खरिपात सोयाबीन, कपाशी आणि तूर. भाद्रपदात तिथल्या एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. ओसरीवर टेकतो तोच घरच्या माउली म्हणाल्या, "साहेब, परसातल्या रुईवर अळ्या पडल्यात. कपाशीवर जायच्या आधी फवारावं का?" थोरला मुलगा पंप भरून उभाच होता.

रुई शनिवारी मारुतीच्या माळेसाठी राखलेली. पाने उलटून पाहिली. दीड इंचाची अळी, अंगावर काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि पाठीवर शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. एक अळी पानाची शीर कुरतडत होती. शीर तुटली की पुढच्या भागात चीक कमी येतो. मग तेवढे पान ती निवांत खाते. चिकातले विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही सहसा टाळतात.

मी म्हणालो, "पंप ठेवा. ही रुईच्या कुळातच वाढते. कपाशीला तोंड लावणार नाही."

खरे सांगायचे तर नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही अळी दिसली की आधी औषध सांगत असे. अशीच एका बांधावरची रुई माझ्या शब्दावर फवारली गेली. शेतकऱ्याचे पैसे गेले, पिकाचा फायदा काहीच नाही.

अमेरिकेतले मोनार्क फुलपाखरू हिच्याच गोतातले. थंडीपूर्वी ते हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरांत जाते. त्याच्या अळीचे खाद्यही याच कुळातले. शेतांतली ती झाडे तणनाशकाने गेली, हे फुलपाखरे घटण्याचे एक मोठे कारण मानतात.

पंधरवड्याने पुन्हा गेलो. धाकट्या मुलीने हात धरून परसात नेले. पानाखाली सोनेरी ठिपक्यांचा हिरवा कोष लोंबत होता. शेजारचा कोष रिकामा, आणि झेंडूवर नारिंगी पंखांचे, काळ्या टोकांचे फुलपाखरू बसलेले. "साहेब, हे आमचंच आहे," ती म्हणाली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अळी दिसली की आधी झाड ओळखा, मग अळी ओळखा; पंपाचा विचार त्यानंतर. आणि मुलांना रुई दाखवताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.