सगळं माझ्या डोक्यात!

मैत्रिणींनो, गॅसचा नंबर कधी लावायचा, दूधवाल्याचे किती खाडे कापायचे, लाइटबिल कुठल्या तारखेच्या आत भरायचं, यांच्या कुठल्या गोळ्या जेवणाआधी नि कुठल्या नंतर, हे सगळं आमच्या घरी कुठे लिहिलेलं होतं, सांगू? माझ्या डोक्यात! आणि त्याचा मला केवढा अभिमान! "आईला विचार" हे दिवसातून दहादा कानावर आलं की कसं बरं वाटायचं. तुम्हालाही वाटतं ना? खरं सांगा हं!

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी आठ दिवस दवाखान्यात अडकले. तिसऱ्याच दिवशी यांना स्वयंपाकघरात घेरी आली. डॉक्टरांनी रक्तदाबाची जुनी गोळी बंद करून नवी दिली होती. जुन्या गोळ्यांची पट्टी डब्यात तशीच पडून होती. ती द्यायची नाही, हे फक्त मला ठाऊक. यांनी आपल्या दोन्ही घेतल्या! सूनबाई घरी होती, तिनं धावपळ केली, म्हणून निभावलं. नाही तर काय झालं असतं, या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या उशाशी बसली नि म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्ही अगदी आमच्या मेनफ्रेमसारख्या आहात."

"म्हणजे जुनी आणि अवजड, असंच ना?"

"नाही हो! कधीही बंद न पडणाऱ्या. पण आत काय काय साठवलंय ते दुसऱ्या कुणालाच माहीत नसलेल्या!"

आमची सूनबाई पुण्याच्या एका कंपनीत आहे. परदेशी विमान कंपन्यांचं जुन्या संगणकांवरचं काम नव्या यंत्रणेवर आणायचं, ही तिची नोकरी. रात्री-अपरात्री तिचे फोन चालायचे आणि मी मनात धुसफुसायची की चाललंय ते बरं चाललंय, मोडायचं कशाला? त्या आठ दिवसांत मात्र मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं, आणि तिनंही हौसेनं सांगितलं.

पूर्वी अमेरिकेत विमानाची जागा राखायची म्हणजे फिरत्या टेबलावर कार्डं ठेवलेली असायची आणि भोवती बसलेली माणसं ती चाळायची. १९५३ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे एक विक्रेते, तेही स्मिथच, विमानात शेजारी शेजारी बसले. गप्पांतून 'सेबर' नावाच्या यंत्रणेची कल्पना निघाली. १९६४ पर्यंत त्या कंपनीचं सारं आरक्षण संगणकावर गेलं. पुढे इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. त्या काळी संगणकात जागा फार महाग. म्हणून सगळं काटकसरीनं, आखूड करून लिहायचं. आपल्या तिकिटावर नाव मोठ्या अक्षरांत, आडनाव आधी, आणि 'मिसेस' कधी कधी नावाला चिकटूनच येतं, ती त्या जुन्या काटकसरीचीच खूण. आणि हे संगणक खरंच झपाट्यानं नि बिनचूक काम करत आले. सूनबाई त्यांच्याबद्दल आदरानंच बोलते.

मग बदलायचं कशाला? तर त्यांची भाषा जाणणारी माणसं निवृत्त होत चालली. वर्षानुवर्षं ठिगळावर ठिगळ लागलेलं. कुठलं का लावलं, हे सांगणारं कुणी नाही. २००४ च्या नाताळात अमेरिकेतल्या कॉमएअर कंपनीचं असंच झालं. बर्फाच्या वादळात कर्मचाऱ्यांच्या पाळ्या सारख्या बदलाव्या लागल्या. त्यांच्या जुन्या यंत्रणेला महिन्यात सुमारे ३२ हजार बदलच मोजता येत होते. ती मर्यादा ओलांडली नि यंत्रणा बंद पडली. ऐन नाताळच्या दिवशी सुमारे ११०० उड्डाणं रद्द! ती यंत्रणा बदलायचं बोलणं कित्येक वर्षं चाललं होतं, पण दिवस पुढे ढकलले जात होते. पुढे २०२२ च्या डिसेंबरात साउथवेस्ट कंपनीला तर आपले वैमानिक नि सेविका कुठे आहेत, याचाच ताळमेळ लागेना. ती बिचारी फोन लावून तासन् तास ताटकळली. सोळा हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि सरकारनं कंपनीला १४ कोटी डॉलरचा दंड केला.

"मग नवीन काय आणता तुम्ही?" मी विचारलं.

"खुली यंत्रणा. 'लिनक्स' नावाची. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलेली. आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं, सुधारता येतं. जाणणारी माणसं जगभर आहेत, त्यामुळे एकाच कंपनीच्या तोंडाकडे बघायला नको. माद्रिदच्या अमेडियसनं आपलं आरक्षणाचं काम असंच कित्येक वर्षं घेऊन, हळूहळू हलवलं."

"पण खुली म्हणजे कुणीही आत शिरेल की!"

"छे! पाककृती छापली म्हणून कुणी आपल्या स्वयंपाकघरात शिरतं का? किल्ल्या आपल्याच कमरेला."

जुनं एकदम बंद करत नाहीत, हेही तिनं सांगितलं. एकेक काम नव्याकडे द्यायचं. काही दिवस दोन्ही बरोबर चालवायची, उत्तरं ताडून बघायची. जुळली की मगच जुन्याला विश्रांती.

घरी आल्यावर तिनं शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, माझा हात काही चालेना. चार दिवस मी काही ना काही निमित्त काढलं. शेवटी एका रात्री बोलून गेले, "सगळं लिहून दिलं, तर मग माझी गरज काय उरली गं?"

ती हसली नाही. म्हणाली, "आमच्या ऑफिसातही एक वयस्कर गृहस्थ असेच गप्प गप्प असायचे. जुनं सगळं त्यांनाच ठाऊक. आम्ही त्यांना बाजूला नाही सारलं, उलट सगळ्यात आधी त्यांनाच विचारत गेलो. त्यांच्यावाचून नवं उभंच राहिलं नसतं."

मग मी लिहायला बसले. पहिलं पान यांच्या गोळ्यांचं! जुनी पट्टी त्याच दिवशी टाकून दिली. वही झाल्यावर पंधरा दिवस घर यांनी आणि मुलानं चालवायचं, मी फक्त बघायचं, असं ठरलं. पहिल्याच मंगळवारी घरात पाण्याचा ठणठणाट! वहीत मी लिहिलं होतं, 'नळ सकाळी सहाला येतो.' मंगळवारी तो येत नाही, सोमवारीच पिंप भरून ठेवायचं, हे लिहायचं राहूनच गेलं. वीस वर्षं हात आपोआप करत होते ना! सूनबाई म्हणाली, "बघा आई, आमचे निम्मे दिवस हे असले मंगळवार शोधण्यातच जातात."

आता घरात "वहीत बघ" असं ऐकू येतं. पहिल्यांदा जरा टोचलं, नाही म्हणत नाही. पण गेल्या महिन्यात मी धाकट्या बहिणीकडे तब्बल आठ दिवस राहून आले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, इतकी निर्धास्त कधी राहिले नव्हते. परत आले तर वहीत यांच्या अक्षरात एक नवी ओळ होती: 'रद्दीवाला आता रविवारी येतो.'

तेव्हा बायांनो, आजच एक वही आणा. सुरुवात औषधांच्या पानापासून करा. आणि तुमचा 'मंगळवार' कुठला, तेही आठवून ठेवा!