बदलीनंतरचा सूर

सरकारी नोकराच्या आयुष्यात ‘बदली’ या शब्दाइतका परिचित शब्द दुसरा नसेल. हुकूम निघतो, कार्यभार सोपविला जातो, खुर्ची भरते आणि फायली पूर्ववत चालू लागतात. कागदोपत्री काहीच बदललेले नसते. कचेरीचा सूर मात्र पालटलेला असतो. असे का व्हावे, याचा उलगडा मला बंगळूरच्या के. आर. पुरमात झाला, आणि तोही शेजारच्या गच्चीवरील पोरांमुळे.

दर रविवारी ही चार मुले आगगाड्यांच्या भोंग्यांशी स्पर्धा करीत रॉक संगीताची तालीम करीत. ऐकून ऐकून त्यांची गाणी मला पाठ झाली होती. पुढे ड्रम वाजविणारा मुलगा नोकरीसाठी पुण्यास गेला व दुसरा आला. गाणी तीच, पट्टीही तीच. परंतु पहिला आपला ठोका किंचित आधी टाकी, त्यामुळे सारेच धावत; हा किंचित रेंगाळे, आणि उतावळा गिटारवाला एकाएकी संयमी भासू लागला. गेला एकच, पण उरलेले तिघेही पूर्वीचे राहिले नाहीत.

नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानांना यात नवल वाटू नये. गंधर्व नाटक मंडळीतील थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी वगळून बालगंधर्वांचे गाणे तेच राहिले असते, असे कोण म्हणेल?

याच शहरात १९९६ साली ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा रॉक बँड उभा राहिला. तीन मल्याळी आणि एक पाव मल्याळी, या सभासदांच्या हिशेबावरून हे गमतीदार नाव पडले. पुढे माणसे बदलली, काही काळ तिघांवरच भागवावे लागले. हिशेब मोडला, नाव टिकले. तिघांच्या मेळात गिटार एकटी विहार करू लागली की मागची पोकळी खर्जातल्या बास गिटारला भरावी लागते. नुसता पाया धरून तिला बसता येत नाही. रिकाम्या जागेचा ‘अतिरिक्त कार्यभार’ वाहिलेल्यांस हे निराळे सांगावयास नको.

२००७ साली येथील पॅलेस मैदानावर इंग्लंडचा ‘आयर्न मेडन’ बँड वाजला. १९८१ मध्ये पॉल डिअॅनो यांच्या खरखरीत आवाजाच्या जागी ब्रूस डिकिन्सन यांचा उंच, नाटकी गळा आला आणि त्या बँडची गाणीही ऐसपैस होत गेली. १९९९ मध्ये, सहा वर्षांच्या विरहानंतर डिकिन्सन परतले. सोबत गिटारवादक एड्रियन स्मिथही आले. स्मिथ यांच्या जागी आलेल्या जॅनिक गर्स यांना मात्र कोणी निरोप दिला नाही. दोन गिटारींच्या तीन झाल्या.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावच्या घरी गणपतीच्या आरतीत वरचा सूर आता धाकट्या भावाचा असतो. निवृत्त होऊन परतेन तेव्हा माझी जुनी जागा त्याच्याकडे मागणार नाही. त्याचा सूर आधी नीट ऐकेन, आणि मग माझा कोठे बसतो ते पाहीन.