छोटी लाईन

आमच्या भागात मीटरगेजला कोणी मीटरगेज म्हणत नसे. ती ‘छोटी लाईन’. दोन रुळांमधले अंतर अवघे एक मीटर. डबे अरुंद, गाडीची चाल बेताची. पण तिच्यावर माणसांचा जो जीव होता, त्याला गेजचे माप लावता येत नाही.

निजामाच्या राज्यातल्या रेल्वेने पूर्णेहून फुटणारा फाटा हिंगोलीपर्यंत आणला तो १९१२ साली. पुढे जवळजवळ अर्धशतक हिंगोली हे शेवटचे स्टेशन राहिले. रूळ इथेच का संपावेत? पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. मला तरी वाटते की, त्या काळी नदीपेक्षा ही राजकीय सीमाच ओलांडायला अधिक अवघड होती. निजामाचे राज्य गेले, १९५० साली त्याची रेल्वे केंद्राकडे आली आणि मग कोठे रूळ वाशीम, अकोला, अकोट करीत १९६० च्या सुमारास खांडव्याला जाऊन भिडले. मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले, त्याच सुमारास ते रुळांनीही जोडले गेले, ही गंमत इतिहासाच्या पुस्तकात कोणी सांगत नाही.

या जोडणीने काय झाले, ते नकाशा पाहिल्यावाचून कळत नाही. हैदराबादेच्या काचीगुड्याहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस हिंगोलीवरून थेट जयपूरला जाई. उरुसासाठी अजमेरला जाणारे भाविक याच वाटेचे. परळीचा वैद्यनाथ, चोंडीला उतरून औंढ्याचा नागनाथ आणि खांडव्यापुढे ओंकारेश्वर, अशी तीन ज्योतिर्लिंगे एका छोट्या लाईनीच्या जाळ्यात होती. दशम्या बांधून निघालेल्या म्हाताऱ्यांना आणखी काय हवे?

माझ्या लहानपणी वाफेचे इंजिन होते. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात अशी ‘वायपी’ इंजिने पुष्कळ तयार झाली. खिडकीतून डोके बाहेर काढले की डोळ्यात कोळशाचा कण जाई आणि आई पदराचे टोक ओले करून तो काढीत असे. स्टेशनावरच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असे भारदस्त नाव. आम्ही पोरे ते मोठ्याने वाचायचो.

एकदा वडिलांबरोबर खांडव्यापर्यंत गेलो. अकोट मागे पडले, मेळघाटचे सागवान सुरू झाले आणि धूळघाटला वडिलांनी मला खिडकीशी बसवले. चढ एकदम घेता येत नाही, म्हणून तिथे रूळ डोंगराभोवती पूर्ण वळसा घेतात आणि आपल्याच आधीच्या रुळांना ओलांडतात. आपण मघाशी होतो ती जागा आता खाली दिसते आहे, हे मला कितीतरी वेळ पटेना. भूमितीच्या तासाला वर्तुळ आले की मला अजून धूळघाट आठवतो.

माझी मावशी अकोटला दिलेली. हिंगोलीत बसले की अकोटला उतरायचे; गाडी बदलणे नाही, कोणाची सोबत लागत नसे. अक्षरओळख नसलेली माझी आई वर्षातून दोनदा एकटी जाऊन येई. २००८ साली पूर्णा ते अकोला मोठी लाईन झाली. ती व्हायलाच हवी होती. आज आमची पोरे तिरुपतीला एका गाडीत जातात, हे काही थोडे नाही. पण अकोल्याच्या पुढे छोटीच राहिली. आईला आता पूल चढून दुसऱ्या फलाटावर, दुसऱ्या गाडीत जावे लागे. दोनाची एक फेरी झाली. १९१७ नव्हे, २०१७ च्या जानेवारीत तीही लाईन बंद पडली, आणि मग लग्नकार्यापुरतेच जाणे उरले. बहिणी फोनवर बोलत, पण दोघींनाही कमी ऐकू येई.

जयपूरची गाडी आजही हिंगोलीवरून जाते, मात्र अकोल्याहून भुसावळचा फेरा घेऊन. मेळघाटातून पुन्हा रेल्वे नको, वाघांना त्रास होईल, म्हणून नवा मार्ग जंगलाबाहेरून नेण्याचे ठरले. ते योग्यच आहे. धूळघाटच्या त्या वळशावरून मात्र आता कोणी पोर खाली पाहणार नाही.

अकोला ते अकोट मोठी लाईन २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. मावशीला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. आईने गाडीची वेळ तेवढी विचारून घेतली.