प्रवासास कोणता कॅमेरा न्यावा?

प्रवासाची सिद्धता म्हटली कीं पूर्वी दशम्या व अंथरूण-पांघरूण यांचा विचार होत असे. आतां त्यांत कॅमेऱ्याची भर पडली आहे. कोणता घ्यावा म्हणून विचारावें, तर दुकानदार आंकडे सांगूं लागतो. आमच्या मतें त्याआधीं एक निराळाच प्रश्न विचारावा: हीं चित्रें काढावयाचीं कोणासाठीं? एकत्र कुटुंबांतील सर्वच माणसें एकदम प्रवासास निघालीं, असें क्वचितच घडतें. देवघर, दुखणेकरी व वृद्ध यांच्यासाठीं कोणी तरी मागें राहतेंच. पुष्कळ घरांत ती व्यक्ति दर वेळीं तीच असते आणि बहुधा ती स्त्री असते. तिच्या वाट्यास प्रवासांतलें जें कांहीं येतें, तें हें चित्र. कॅमेऱ्याची निवड येथून सुरू व्हावी.

उदाहरणार्थ, अमरावतीच्या राजापेठेंतून परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्यास जाणारें कुटुंब घेऊं. सुमारें 1,100 मीटर उंचीच्या या ठिकाणीं पावसाळ्यांत दऱ्या हिरव्यागार होतात, पण धुकें व भुरभुर पाऊसही सोबतीस असतात. म्हणून पाणी व धूळ सहसा आंत शिरूं न देणाऱ्या बांधणीचा कॅमेरा येथें उपयोगी. परतल्यावर तो ओलाच पिशवींत ठेवूं नये; दमटपणानें भिंगावर बुरशी चढते. पुसून, कोरडा करून सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

आतां भिंगाचा विचार. भीमानें कीचकास ज्या दरींत लोटलें असें लोक सांगतात, ती येथेंच आहे. विराटपर्वांत कीचकवध नर्तनशाळेंत होतो खरा, पण दरीच्या काठीं उभें राहिल्यावर लोककथेशीं वाद घालण्याची इच्छा उरत नाहीं! ती दरी चित्रांत मावण्यास 24 ते 28 मिलिमीटरचें भिंग हवें. जवळच्या गाविलगडाचें उलट आहे. 15 डिसेंबर 1803 रोजीं वेलस्लीच्या फौजेनें घेतलेल्या या किल्ल्याच्या शार्दूल दरवाजावर गंडभेरुंडाचें शिल्प उंचावर कोरलेलें आहे. तें जवळ आणण्यास 70 ते 100 मिलिमीटर लागतात. हे आंकडे 36 × 24 मिलिमीटरच्या सेन्सरचे. लहान सेन्सरवर तेंच दृश्य कमी मिलिमीटरांत मिळतें. सारांश, हीं दोन्ही टोकें सांधणारें एकच भिंग अशा प्रवासास पुरे.

वजनाचा विचार तितकाच महत्त्वाचा. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा व दोन मोठीं भिंगें सहज 2 किलोंवर जातात. आरसा नसलेला लहान कॅमेरा एका भिंगासह त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. चढावर एका हातीं मूल व दुसऱ्या हातीं पाण्याची बाटली असतां जो गळ्यांत जड होत नाहीं, तोच खरा प्रवासी कॅमेरा. चांगल्या उजेडांत हातांतला मोबाईलही उत्तम काम देतो. दूरचें शिल्प व अंधारी देवडी येथें मात्र तो बहुधा उणा पडतो.

मेगापिक्सेलांच्या आंकड्यांस भुलूं नये. 12 × 8 इंचांचें चित्र इंचास 300 ठिपक्यांनीं छापण्यास 3,600 × 2,400, म्हणजे सुमारें 86 लाख ठिपके पुरतात. एवढें चित्र वृद्ध डोळ्यांसही स्पष्ट दिसतें.

पण तें छापलें पाहिजे. 1844 मध्यें रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति करण्यासाठीं नेमणूक झाली. कित्येक वर्षांच्या श्रमांनीं रंगविलेल्या त्याच्या बहुतेक प्रतिकृति लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें 1866 च्या आगींत जळाल्या. परंतु पुढें तो कॅमेराही वापरूं लागला होता. त्याचीं 74 छायाचित्रें असलेलें लेणीमंदिरांवरील पुस्तक 1864 मध्येंच निघालें होतें, आणि ज्यांस अजिंठा-वेरूळ पाहणें शक्य नव्हतें त्यांच्या हातीं तें गेलें होतें. एकच प्रत एकाच ठिकाणीं ठेवण्याचा धोका यावरून कळतो. मोबाईलमध्यें साठलेलीं शेंकडों चित्रेंही तशींच एका अपघातानें नाहींशीं होतात.

म्हणून प्रवासाहून आल्यावर वीस चित्रें निवडावीं, छापावीं, मागें स्थळ, दिवस व माणसांचीं नांवें लिहावीं, आणि घरीं राहिलेल्या व्यक्तीपाशीं बसून तीं दाखवावीं. त्यांतलें एखादें पाहून तिनें “तेथें मलाही न्या” म्हटलें, तर पुढच्या खेपेस घर सांभाळण्याची पाळी दुसऱ्या कोणीं तरी घ्यावी.