सामने गेले, मैदान राहिले

१९९६ सालच्या उपवासकाळातील ही आठवण. शुक्रवार, १ मार्चची संध्याकाळ होती. नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपली आणि पटांगणात मुलांचा एकच गलका उडाला. आदल्या दिवशी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर, विश्वचषकाच्या सामन्यात, नवख्या केनियाने वेस्ट इंडीजला हरविले होते! स्वतः १६६ धावांत बाद झालेल्या केनियाने दोन वेळच्या विश्वविजेत्यांना अवघ्या ९३ धावांत गुंडाळले. केनियाच्या डावात सर्वांत मोठा आकडा ३७ अवांतर धावांचा होता, हे वाचून आम्हांसही हसू आवरेना.

स्वारगेटजवळचे हे स्टेडियम महानगरपालिकेचे. ५ डिसेंबर १९८४ रोजी येथे भारत व इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना झाला; वेंगसरकर आणि गॅटिंग या दोघांनीही शतके झळकाविली. १९८७ च्या विश्वचषकातील एक सामनाही येथेच झाला. पुढे तिकिटांवरून महापालिका व क्रिकेट संघटना यांच्यात बेबनाव झाला. ३ नोव्हेंबर २००५ चा भारत-श्रीलंका सामना येथील अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. संघटनेने शहराबाहेर, द्रुतगती महामार्गालगत गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम उभारले आणि २०१२ पासून मोठे सामने तेथे होऊ लागले. गहुंजे गाठावयास वाहन हवे; स्वारगेटला पाय पुरत.

गतवर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सभेत चर्चचे पटांगण वाहनतळासाठी द्यावे, असा विषय निघाला. रविवारी गाड्यांची अडचण होते हे खरेच; आम्हीही मान डोलाविली. त्यानंतर काही दिवसांनी पुण्यास जाणे झाले. स्वारगेटला उतरून सहज नेहरू स्टेडियमपाशी थांबलो. आतून चेंडू बॅटवर आदळल्याचा आवाज येत होता. मोठे सामने गेले, तरी मुले आली होती. आमच्या मनात आले, येथे मोकळी जागा उरली म्हणून ती आली. आमच्या पटांगणावर एकदा फरशी बसली, की तेथे कोण येणार?

पुढील सभेत आम्ही उभे राहून आमचे मत मागे घेतले. काहींना ते रुचले नाही. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. तोवर रविवारच्या मिस्साबलिदानानंतर, गाड्या निघून गेल्या की, पटांगणात यष्ट्या रोवल्या जातात. घरी जाण्याची घाई आम्हांस आता तितकीशी नसते.