आमची मीटरखरेदी

माणसाने कॉमर्सची पदवी घ्यावी, बँकेत चिकटावे, नोटा मोजाव्यात आणि निवृत्तीची वाट पाहावी. विजेच्या वाटेला जाऊ नये. हे शहाणपण मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आले, आणि तेही 'फट्' असा आवाज झाल्यावर.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला. आधी घरात सोल्डरिंगचा वास आला, मग जुना रेडिओ उघडा पडला आणि शेवटी मागणी आली, "बाबा, मल्टिमीटर पाहिजे."

मल्टिमीटरचा मूळपुरुष म्हणजे अ‍ॅव्होमीटर. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याचे बारसे झाले. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी नावाच्या इंजिनिअरला तीन कामांसाठी तीन यंत्रे वाहून नेण्याचा कंटाळा आला, म्हणून त्याने तिन्ही एका पेटीत कोंबली. 1923 साली ती बाजारात आली. नोकरदाराच्या कंटाळ्यातून काही उपयुक्त निघाल्याचे एवढे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. आमच्या ब्रँचमध्ये कंटाळा भरपूर आहे, पण त्यातून अजून काही निघालेले नाही.

रविवार टाळून मी डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे अधिकृत नाव भडकमकर मार्ग. पण त्या नावाने विचारले तर लोक रस्ता दाखवण्याऐवजी तुमच्याकडेच पाहतात. दुकानदाराने काउंटरवर दोन मीटर ठेवले. दोन्ही पिवळे. दोन्हींना मधोमध गोल खटका, दोन्हींना लाल-काळ्या वायरी. एकाची किंमत 250 रुपये, दुसऱ्याची 18,000.

"फरक काय हो?" मी विचारले.

"साहेब, हा दाखवतो," अडीचशेवाल्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "आणि हा बरोबर दाखवतो."

माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. 18,000 रुपये सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले, तर वर्षाला 1,260 रुपये व्याज. म्हणजे मुद्दलाला हात न लावता दरवर्षी पाच स्वस्त मीटर, वर 10 रुपये वडापावाला. एवढा बिनतोड हिशेब मी आयुष्यात दुसरा केला नाही. मी अडीचशेचा मीटर खिशात घालून, विजयी मुद्रेने उभ्यानेच परत आलो.

पुढचा महिनाभर आम्ही सापडेल ते मोजले. भिंतीवरचे घड्याळ, टॉर्च, रिमोट. सौ. म्हणाली, "अहो, आता माझं डोकं तेवढं राहिलंय." एका संध्याकाळी घरातला व्होल्टेज मोजला, तो 278! मी सोसायटीच्या सभेत आकडेवारीसह भाषण केले. सेक्रेटरींनी वायरमनला बोलावले. त्याने आपला मीटर काढला. 232.

"साहेब, तुमच्या मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी बदला," तो म्हणाला. "ती उतरली की आकडे चढतात."

तेव्हा कळले की हा स्वस्त मीटर जगाला स्वतःच्या बॅटरीच्या आधाराने मोजतो. तीच खचली, की त्याला समोरचे सगळेच मोठे दिसू लागते. अशी दोन-तीन माणसे माझ्याही शेजारच्या टेबलांवर आहेत. पण त्यांना काउंटरवर कोणी बदलून देत नाही.

इथवर सगळे हसण्यावारी गेले. मग तो 'फट्' झाला.

चिरंजीवांनी सकाळी आपल्या दिव्यातून किती करंट वाहतो ते पाहिले होते. त्यासाठी लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घालतात. ती तशीच राहिली. दुपारी गीझर चालेना, म्हणून मी खटका व्होल्टवर फिरवला आणि दोन्ही टोके थेट प्लगात घातली. आता, त्या भोकात वायर असली की मीटर हा मीटर नसतो. तो तारेचा जाड तुकडा असतो. खटका कुठे का असेना. थोडक्यात, मी प्लगात तार घातली होती. उजेड पडला, आवाज झाला, एमसीबी पडला. लाल वायरीचे टोक वितळले आणि प्लगवर काळा टिळा उमटला.

मीटर उलटा करून पाहिला. त्या भोकाच्या वाटेवर फ्यूजच नव्हता. चांगल्या मीटरमध्ये तिथे वाळू भरलेला फ्यूज असतो. ठिणगी जागच्या जागी विझते. ते 18,000 नुसत्या बरोबर आकड्याचे नव्हते.

"बाबा, वायर मीच काढायला विसरलो," चिरंजीव पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले. मी रागावणार होतो. पण मनात आले, गीझर आपल्याऐवजी यानेच तपासला असता तर? माझ्या त्या बिनतोड हिशेबात हा रकानाच नव्हता.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. या वेळी दुकानदाराने विचारले, "काम काय करणार?" हा प्रश्न आधी मी स्वतःला विचारायला हवा होता. घरातले प्लग आणि पोराचे सर्किट, एवढ्यासाठी 18,000चा मीटर लागत नाही, असे तोच म्हणाला. दोन्ही भोकांना नीट फ्यूज असलेला, 600 व्होल्टपर्यंत कॅट-थ्री दर्जाचा मीटर 3,000 रुपयांत मिळाला. मी घासाघीस केली नाही. सौ.चा यावर अजून विश्वास नाही.

नव्या वायरी लावून जुनाही ठेवला आहे, पण फक्त सेलच्या कामाला. प्लगाच्या जवळ त्याला बंदी. परवा नवा सेल दोघांनी मोजला. एक म्हणाला 1.58, दुसरा 1.59. मी अस्वस्थ झालो. एका पैशाच्या फरकासाठी आम्ही रात्री दहापर्यंत बँकेत बसलेलो माणसे!

"बाबा, एवढा फरक चालतो," चिरंजीव म्हणाले. "दोन्ही बरोबर आहेत."

म्हटले, बरे. आणि लाल वायर कुठल्या भोकात आहे ते पुन्हा एकदा पाहून झोपायला गेलो.