सुट्टे पैसे

फजरच्या अजानआधी अर्धा तास मला आजही आपोआप जाग येते. एसटीत 34 वर्षं कंडक्टर म्हणून काढली. पहिली गाडी पाचची असली की साडेतीनला उठायचं, अंधारातच दाढी करायची, डबा घ्यायचा आणि सायकल काढायची. 58 व्या वर्षी निवृत्त झालो, पण शरीराला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. पहिले काही दिवस मी उठून पायात चप्पल घालायचो आणि मग दारातच उभा राहायचो. जायचं कुठं? आता मात्र त्या अर्ध्या तासासारखं सुख नाही. वजू करायची, गल्लीतून सावकाश चालत मशिदीत जायचं आणि पहिल्या सफेत उभं राहायचं. नोकरीत असताना जमातीनं फजर मिळाली, असे दिवस बोटांवर मोजता येतील. नमाज कधी डेपोच्या विश्रांतीगृहाच्या कोपऱ्यात, कधी शेवटच्या थांब्यावर रुमाल अंथरून. जोहर आणि असर तर कितीदा कजा झाल्या, त्याचा हिशेब अल्लाहकडे.

नमाजनंतर मी कृष्णा-कोयनेच्या संगमावर जातो. कराडात आयुष्य गेलं, पण प्रीतिसंगम मी पाहिला तो गाडीच्या वेळा सांभाळत, घाईत. आता घाटावर बसतो. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि एक होऊन वळतात, ते पाहायला तिकीट लागत नाही. येताना मंडईतून कोथिंबिरीची जुडी घ्यायची, पाव घ्यायचे आणि घरी यायचं. मग चहा. कंडक्टरचा चहा म्हणजे उभ्यानं, बशीत ओतून, ड्रायव्हरच्या हॉर्नकडे कान ठेवून. घरी पहिल्या आठवड्यात मी तसाच प्यायलो. बीवी म्हणाली, "बैठो जी जरा, गाडी छूट रही है क्या?"

सगळं असं गोड होतं असं नाही. सुरुवातीला मी घरात फार लुडबुड केली. तेल महिन्याला किती लागतं, दूध एवढं कशाला, पंखा कोणी चालू ठेवला. ती चार-पाच दिवस गप्प राहिली आणि एक दिवस लसूण सोलता सोलता म्हणाली, "ये घर है, गाडी नै. सबके टिकट नक्को काटो." मला हसू आलं आणि लाजही वाटली. ज्या घरात मी 34 वर्षं फक्त झोपायला आणि जेवायला येत होतो, ते तिनं एकटीनं चालवलं होतं. मुलांची दुखणी, शाळेची फी, पाहुणे, लग्नं, माझ्या आईचं शेवटचं आजारपण. मी नव्या रूटवरच्या नव्या माणसासारखा होतो, थांबे तिला पाठ होते. तेव्हापासून मी लसूण सोलायला बसतो. असरनंतरचा तो अर्धा तास आमच्या दोघांचा असतो. ती बोलते, मी ऐकतो. लग्नानंतरच्या कितीतरी गोष्टी मला आत्ता कळत आहेत.

रमजानचंही तसंच. नोकरीत इफ्तार म्हणजे तिकिटांच्या पेटीत कागदात गुंडाळलेले तीन खजूर. वेळ झाली की ड्रायव्हर स्वतःहून गाडी दोन मिनिटं बाजूला घ्यायचा आणि मागच्या सीटवरून कुणीतरी पाण्याची बाटली पुढं करायचं. "मास्तर, सोडा रोजा, आम्हाला काय घाई न्हाई," असं म्हणणारे ते पॅसेंजर. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रमजानमध्ये मी पूर्ण महिना दस्तरखानवर बसून इफ्तार केला, एकही तरावीह चुकवली नाही. अलहम्दुलिल्लाह. पण अजान झाली की मला ती पाण्याची बाटली आठवायची.

त्याच रमजानमध्ये मौलानांनी बयानात एक हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं की दोन नेमतींच्या बाबतीत बहुतेक माणसं घाट्यात असतात, एक तंदुरुस्ती आणि दुसरी फुरसत. मला वाटलं, हे तर माझ्यासाठीच आहे. पुढं त्यांनी दुसरी हदीस सांगितली, मुफलिसाची. खरा कंगाल तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण त्यानं कुणाचं खाल्लं असेल, कुणाला दुखवलं असेल. मग त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातील आणि त्या संपल्या तर लोकांचे गुन्हे त्याच्यावर टाकले जातील. घरी आलो, सहरीपर्यंत डोळा लागला नाही.

का, ते सांगतो. तिकिटाला सुट्टे नसले की कंडक्टर उरलेली रक्कम तिकिटाच्या मागं लिहून देतो. उतरताना पॅसेंजरनं ती मागून घ्यायची. बहुतेक घेतात. काही विसरतात. कुणाच्या डोक्यावर पाटी असते, कुणाच्या काखेत मूल असतं. त्यांचं गाव येतं, बेल वाजते आणि गाडी निघून जाते. दिवसाअखेर वेबिलाशी रोकड जुळवताना कमी निघाली तर खिशातून भरायची, जास्त निघाली तर तीही भरायची, हा नियम. आता खरं सांगायचं तर कमी पडली तेव्हा मी खिशातून भरली आणि दोन-पाच रुपये जास्त निघाले तेव्हा प्रत्येक वेळी भरले नाहीत. त्याचा चहा झाला, बिडी होती तोवर बिडी झाली. मनाला सांगायचो, कमी पडलं ते माझं गेलं, जास्त आलं ते माझं आलं, फिट्टंफाट झाली.

त्या रात्री कळलं, फिट्टंफाट झालीच नव्हती. कमी पडायचं ते माझ्या मोजण्यातल्या चुकीमुळं. जास्त उरायचं ते मात्र कुणाचं तरी असायचं. एक माझी चूक, दुसरा बंद्याचा हक. या दोन गोष्टी एका वहीत मांडून मी 34 वर्षं वजाबाकी करत होतो.

दुसऱ्या दिवशी मौलानांना गाठलं. ते म्हणाले, ज्याचं देणं आहे तो ठाऊक असेल तर त्याला द्या, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्या. पत्ताच लागणार नसेल तर त्याच्या वतीनं गरजवंताला सदका करा. उद्या तो समोर आला आणि मागितलं, तर पुन्हा द्यायची तयारी ठेवा. मी विचारलं, रक्कमच ठाऊक नसेल तर? म्हणाले, "तुमच्या मनाला विचारा आणि मन सांगेल त्याहून थोडं जास्त धरा."

मी वही काढली. वर्षाला 270 दिवस ड्युटी धरली, 34 वर्षांचे 9,180 दिवस झाले. रोज काही असं होत नव्हतं, पण जास्त धरायचं म्हणून दिवसाला 2 रुपये धरले. 18,360 रुपये. आकडा पाहून मी वही मिटली. एसटीच्या माणसाला सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते. ईपीएस-95 ची जी येते त्यात औषधं भागली तरी खूप. मुलगा हातभार लावतो, पण हे देणं त्याच्या पगारातून फेडायचं नव्हतं.

बीवीला सांगायला मला दोन दिवस लागले. इतकी वर्षं तिच्या समोर प्रामाणिक माणूस म्हणून वावरलो होतो. तिनं सगळं ऐकलं, लसणाची सालं सुपात गोळा केली आणि विचारलं, "महिन्याला किती जमतील?" मी म्हटलं, 500. तेव्हापासून पेन्शन आली की ती आधी 500 ची नोट डब्यात वेगळी ठेवते. म्हणते, "पहले लोगां का, बाद में अपना."

हे पैसे कुठं द्यायचे, हेही ठरवावं लागलं. ज्यांचे होते ती माणसं पाटणच्या रस्त्यावरची, कोयनेच्या खोऱ्यातली. मग वाटलं, त्याच रस्त्यावर परत जावेत. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण मुलांना सवलत असली तरी पासाचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. काही घरांत तेवढंही महिन्याच्या महिन्याला जमत नाही आणि पोरगं दोन-दोन तास चालतं, नाहीतर शाळा सोडतं. तिकडच्या एका ओळखीच्या गुरुजींकडं मी पैसे पोचवतो, ते अशा मुलांच्या पासाचे पैसे भरतात. कुणाचे पैसे, हे मुलांना ठाऊक नाही. खरं तर ते त्यांच्याच आजा-आजीचे असतील.

पण एक देणं असं होतं, ज्याचा पत्ता मला ठाऊक होता.

2004 सालची गोष्ट. पाटणच्या पुढं एका गावी आमची मुक्कामी गाडी असायची. रात्री गाडी लावायची, देवळाच्या ओसरीवर मी आणि ड्रायव्हरनं पथारी टाकायची आणि पहाटे साडेपाचला परत निघायचं. रमजान सुरू होता, थंडी पडायला लागली होती. मी सहरीला कोरडे पाव खातो, हे जवळच्या घरातल्या म्हातारीला कळलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं चूल पेटवली आणि गरम भाकरी न् दूध आणून ठेवलं. माझ्या मुक्कामाच्या प्रत्येक रात्री तिनं हे केलं. "उपाशी मानसाच्या गाडीत बसायचं म्हंजे पाप लागंल," एवढंच म्हणायची.

त्याच महिन्यात एका पहाटे ती तापानं फणफणलेल्या नातवाला घेऊन गाडीत चढली. कराडला दवाखान्यात न्यायचं होतं. तिकीट 26 रुपये, तिनं शंभराची नोट दिली. सुट्टे नव्हते. मी तिकिटामागं 74 लिहिलं. स्टँडवर गाडी थांबताच ती पोराला उचलून धावत उतरली. मी हाक मारली, ती गर्दीत दिसेनाशी झाली. पुढच्या मुक्कामाला देऊ, असं म्हटलं, तर त्याच आठवड्यात माझी ड्युटी दुसऱ्या रूटवर लागली. आज पाठवू, उद्या पाठवू असं करता करता वर्षं गेली. ज्या हातची भाकरी खाऊन रोजे धरले, त्याच हाताचे 74 रुपये माझ्याकडं राहिले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं निघालो. निवृत्त कर्मचाऱ्याचा पास घरी ठेवला, या कामाला तिकीट काढूनच जायचं ठरवलं. बीवीला महिलांच्या सवलतीचं अर्धं तिकीट, मला पूर्ण. याचीच तिला केवढी मौज वाटली. ती खिडकीत बसली. मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, एकेक गाव मी तिला दाखवत होतो. म्हणाली, "इतनी अच्छी जगा थी, कभी लाए नै." खरं होतं. मी या रस्त्यावरून हजारो माणसं नेली आणि तिलाच नेलं नाही.

गावात देऊळ नव्यानं बांधलेलं, पण घर तेच. म्हातारी जाऊन सात वर्षं झाली होती. तिची सून दारात आली. मी नाव सांगितलं, ओळख लागेना. "मुक्कामी गाडीचा कंडक्टर" म्हटल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. "आवो, आत्याबाई कायम सांगायच्या. कंडक्टर मास्तरकडं माझं पैसं हायेत, पर बुडायचे न्हाईत म्हनायच्या."

मला काही बोलता येईना. त्या माउलीनं माझ्यावर ठेवलेला भरवसा मला वीस वर्षं ठाऊकच नव्हता.

मी शंभराची नोट पुढं केली. ती घेईना. "इतक्या वर्सांनी कसलं पैसं?" शेवटी बीवी म्हणाली, "ताई, घ्या. नाहीतर हे रात्रीचे झोपत नाहीत." तेव्हा तिनं नोट घेतली, आत गेली, आणि बाहेर येऊन माझ्या हातावर दहाच्या दोन नोटा, पाचाचं एक नाणं आणि रुपया ठेवला. 26 रुपये. "आत्याबाई गाडीत बसल्या व्हत्या न्हवं? मग तिकिटाचं कापून घ्या."

34 वर्षं मी रोज शंभरदा "सुट्टे द्या, सुट्टे द्या" म्हणून ओरडलो. इतका चोख सुट्टा हिशेब मला कुणी दिला नव्हता.

तो तापानं फणफणलेला नातू आता पुण्याला कारखान्यात आहे, असं कळलं. चहा झाला, निघताना तिनं बीवीच्या पिशवीत पायलीभर तांदूळ ओतले. मी जवळच्या ओढ्यावर वजू करून त्याच देवळापलीकडच्या मोकळ्या जागेत जोहर अदा केली आणि म्हातारीच्या घरासाठी दुआ मागितली.

वहीत आजपर्यंत 22 हप्ते झाले आहेत. 11,000 गेले, 7,360 बाकी आहेत. अल्लाहनं आयुष्य दिलं तर 15 महिन्यांत ते फिटतील, इन्शाअल्लाह. आताशा पहाटे लवकर जाग आली तरी छातीवर ओझं नसतं.

काल असरनंतर लसूण सोलताना बीवीनं विचारलं, "अगले महिने कौन से रूट पे जाना है?" मी म्हटलं, आता कुणाचं नावानिशी देणं नाही. ती म्हणाली, "देना नै तो क्या हुआ? मेरा आधा टिकट तो है ना!"